आठशे पन्नासची डिस्क

माझ्या कार्डावर 'हार्डवेअर इंजिनिअर' असं छापलेलं होतं. छापणाऱ्यानं शिक्षण विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स आणि एका दुकानात आठ महिने स्क्रू आवळल्याचा अनुभव, एवढ्यावर मी औरंगाबादेत इंजिनिअर झालो होतो. दिवसच तसे होते. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत कॉम्प्युटर येऊ लागले होते आणि ज्याला त्याचं झाकण उघडून परत लावता येई, त्याला लोक साहेब म्हणत. झाकण लावल्यावर दोन स्क्रू उरायचे. ते मी गुपचूप खिशात टाकायचो.

पैठण गेटजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटचं काम माझ्याकडे होतं. मालक मूळचे सिल्लोडचे, सगळे त्यांना भाई म्हणत. बाहेरच्या हॉलमध्ये अठरा टाइपरायटर खडखडायचे आणि आतल्या खोलीत, मखमली कव्हरखाली, एक जुना थ्री-एटी-सिक्स कॉम्प्युटर असायचा. त्या खोलीत चपला काढूनच जायचं. मशीन आलं त्या दिवशी भाईंनी फातिहा पढला होता आणि पोरांनी नारळ फोडला होता. कीबोर्डवर उडालेलं नारळाचं पाणी पुसणं हे माझं तिथलं पहिलं तांत्रिक काम.

रोज दुपारी तिथे एक सर येत. निवृत्त शिक्षक, नामांतराच्या लढ्यात दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. विद्यापीठाचा नामविस्तार होऊन वर्ष झालं होतं आणि आता झालं गेलं विसरा, असं जो तो म्हणत होता. सरांना विसरायचं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली ज्या ज्या गावांत दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तिथे ते एसटीनं जात, म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढे टेपरेकॉर्डर ठेवत आणि त्यांचं सांगणं भरून आणत. ती टेप ऐकत भाई स्वतः मराठीत टाइप करत. कॅसेट एकच होती. एक गाव टाइप झालं की तिच्यावरच पुढचं गाव. सरांनी एकदा विचारलं होतं, "हे पुसलं तर चालेल ना?" मी म्हणालो होतो, "सर, कॉम्प्युटरमध्ये गेलेलं कुठं जात नाही."

पहिल्या भेटीत सरांनी मला गाव विचारलं. मी सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले आणि पुढे कधी त्यांनी विषय काढला नाही.

कारखान्यात नोकरीला जाणाऱ्या पोरांसाठी भाईंना कॉम्प्युटरचा वर्ग काढायचा होता. जुनी डिस्क चाळीस एमबीची, ती तुडुंब भरली होती. भाईंनी मुंबईहून आठशे पन्नासची मागवली. मी ती ऐटीत बसवली, मशीन चालू केलं, तर पडद्यावर आकडा आला पाचशे चार. केबल बदलली, डिस्क काढून फुंकर मारली, पुन्हा लावली. पुन्हा पाचशे चार.

भाई म्हणाले, "इंजिनिअर साब, बाकी की तीनशे रस्त्यात सांडली क्या?"

मी लांबलचक उत्तर दिलं. त्यातलं अर्धं त्याच सकाळी दुकानातल्या पोराकडून ऐकलेलं होतं. मशीन जुनं, त्याला बनवणाऱ्यांनी ठरावीक आकड्यापर्यंतच मोजायला शिकवलेलं. त्यापुढची जागा डिस्कवर असते, पण मशीनला ती दिसत नाही. सर शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "असूनही मोजणीत नसणं. आम्हाला हे नवं नाही." मी हसलो. हसायचं नव्हतं, हे बऱ्याच दिवसांनी कळलं.

उपाय डिस्कच्या खोक्यातच होता. सोबत आलेल्या फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्राम होता. तो डिस्कच्या पहिल्याच जागेवर जाऊन बसतो आणि मशीन सुरू होताच दुभाष्याचं काम करतो. मशीनला समजेल अशा हिशेबात सगळी डिस्क मोजून देतो. मी तो घातला आणि आकडा पूर्ण आला. भाईंनी मिठाई मागवली. फ्लॉपीवर बारीक अक्षरात काहीतरी सूचना होती. इंजिनिअर लोक सूचना वाचत नाहीत, असा माझा तेव्हा समज होता. सरांची सगळी गावं मी नव्या डिस्कवर घेतली, जुनी डिस्क पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला बसवली. सर म्हणाले, फ्लॉपीवर एक प्रत ठेवू या का? मी म्हणालो, एवढं कोठार असताना चिमटीत धान्य कशाला ठेवायचं.

चार महिन्यांनी व्हायरस आला. तेव्हा तो सर्दीसारखा यायचा. कुणीतरी पोरगं खेळाची फ्लॉपी आणायचं आणि मशीन रांगायला लागायचं. आम्हा मेकॅनिक लोकांचा त्यावर एक विधी ठरलेला होता. काही लिहिलं जाऊ नये म्हणून खाचेवर चिकटपट्टी लावलेल्या आपल्या सोवळ्या फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं आणि एक आज्ञा देऊन डिस्कची पहिली जागा कोरी करकरीत करायची. व्हायरस तिथेच दडतो, असं शास्त्र. गोमूत्र शिंपडावं तशी ती आज्ञा मी शहरभर शिंपडत फिरायचो. इथेही शिंपडली.

मशीन पुन्हा सुरू केलं, तर डिस्कच नाही. म्हणजे आत होती, घुं घुं आवाज करत होती, पण मशीन म्हणत होतं की असं काही इथे नाही.

दोन तास मी काय काय केलं ते आता आठवतही नाही. घाम मात्र आठवतो. शेवटी सरांकडे न बघता म्हणालो, "व्हायरसनं सगळं खाल्लं. आता फॉरमॅट मारावं लागेल."

एकवीस गावं होती त्यात. सांगणाऱ्यांपैकी तिघं तोवर वारली होती.  सर म्हणाले, "रिकामी झालीच आहे, तर आणखी रिकामी करायची घाई कशाला? राहू द्या दोन दिवस." भाईंनी चहा मागवला. मी तो न पिताच निघालो. व्हायरसनं खाल्लं, हे सांगताना माझ्या मनात कुठेतरी होतंच की खाणारा मी असावा. पण कार्डावर इंजिनिअर छापलेलं असलं की हे पटकन तोंडातून निघत नाही.

त्या आठवड्यात माझे वडील पुंडलिकनगरला माझ्या खोलीवर आले होते, डोळे दाखवायला. आम्ही मेंढरंवाले. मी शहरात आलो, तरी वडिलांनी मेंढरं सोडली नव्हती. त्या संध्याकाळी मी जेवेना, म्हणून त्यांनी कारण विचारलं. डिस्क म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता, म्हणून सांगितलं, "एका माणसाचं लई मोलाचं कायतरी माझ्याकडं ठेवाया दिलेलं. काल होतं, आज मशीन म्हणतंय, नाय."

"मशीन म्हणजी मोजणारा?"

"व्हय."

वडील हसले. "तुला आठवतंय का, चाळीस मेंढरं?"

आठवत होतं. नको असलेलं बरोबर आठवतं. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी मला पहिल्यांदा वाड्याच्या तोंडाशी मेंढरं मोजायला उभं केलं होतं. आमच्यात जोडीनं मोजतात, दोन मेंढरं आत गेली की एक बोट. मी बोटं बरोबर मोजली आणि ओरडलो, "चाळीस!" जोड्या, हे म्हणायचं राहिलं. ऐंशीची चाळीस झाली म्हणून सगळी भावकी कंदील घेऊन ओढ्यानं धावत सुटली. ऐंशीच्या ऐंशी मेंढरं वाड्यात रवंथ करत होती.

वडील म्हणाले, "मेंढरं कमी भरली म्हंजी गेलीच, आसं नसतंय. आधी मोजणारा बघावा. तुमच्याकडं मोजणारा बदलला का कुणी?"

मी ताट तसंच ठेवून उठलो. मोजणारा मीच हाकलला होता. व्हायरस मारायच्या नादात पहिल्या जागेवर बसलेला तो दुभाष्याच मी पुसून टाकला होता. त्या फ्लॉपीवर बारीक अक्षरात लिहिलेली सूचना नेमकी हीच होती, हे दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंच्या कपाटातून ती काढल्यावर वाचलं. चार महिने ती तिथेच होती.

फ्लॉपी घातली, दुभाष्या पुन्हा त्याच्या जागी बसवला. एकेक करून एकवीस गावांची नावं पडद्यावर आली. भाई नुसते "या अल्लाह" म्हणाले आणि खाली बसले. सर अजून यायचे होते. फाइल नीट उघडते का, हे बघायला हवं होतं. यादीत माझं गाव दिसलं. ते तिथे असेल, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तीच उघडली.

एका बाईचं सांगणं होतं. आग लागल्यावर दोन लेकरांना घेऊन ती ओढ्याच्या अंगाला पळाली, पहाटेपर्यंत पावसात बसली. उजाडताना एका मेंढरंवाल्यानं लेकरांना पाणी दिलं, घोंगडं दिलं. 'मी दिलं म्हणून कुणाला सांगू नका, म्हणाला. म्हणून त्याचं नाव सांगत नाही.' आमच्या गावात मेंढरांचा वाडा एकच होता.

मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. सर आल्यावर आधी खरं सांगितलं, की व्हायरसनं नव्हे, मीच पुसलं होतं. ते म्हणाले, "माहीत होतं. तुम्ही चहा टाकून गेलात." मग मी विचारलं, "माझं गाव तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना?" ते म्हणाले, "हो. जिथं जळलं, तिथल्याच पोरानं हे जपावं, म्हणून तर मशीन तुमच्याच हाती राहू दिलं." त्या पानाचा प्रिंट घेऊन मी जवळजवळ पळतच खोलीवर गेलो. वडिलांच्या पुढे मोठेपणाचं काही वाचून दाखवायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून डोळे मिटलेलेच होते.

"पाणी दिलं, हे लिवलंय," ते म्हणाले. "रातच्याला ती वाड्याच्या तोंडाशी आली व्हती. लेकरं रडत व्हती. म्या दाराची बाभळीची काटी बाजूला केली नाय, तिला आत घेतलं नाय, हे लिवलंय का?"

मी पान पुन्हा वाचलं. "नाय."

"गावाला भ्यालो म्या. लोक पाठीमागंच व्हते." मग म्हणाले, "तिनं ते सोडून दिलं जणू. तू सोडू नगं. अर्धी मोजणी काय कामाची? माझं नाव घालून लिव."

मी त्यांच्याशेजारी बसलो. लाज वाटत होती आणि त्यांच्याबद्दल माया पण वाटत होती, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते उठले आणि आपली खुर्ची मला दिली. मला टायपिंग येत नव्हतं. एका बोटानं चार ओळी लिहायला पाऊण तास लागला. भाई शेजारी उभे होते, पण त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही. वडिलांचं नाव मी दोनदा चुकलो आणि तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं.