दारापासून चुलीपर्यंत दिव्यांची पट्टी

माझ्या दादाचं म्हणणं सरळ होतं. मायला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, म्हणून तिनं नेकनूरच्या घरात एकटं राहायचं नाही. दसऱ्याला तो येणार आणि तिला पुण्याला घेऊन जाणार. मायचंही म्हणणं तितकंच सरळ होतं. ती जाणार नव्हती. कानाचं मशीन तिनं दोन दिवस लावलं, त्यात नुसत्या शिट्ट्या वाजतात म्हणून काढलं आणि पेटीत ठेवून दिलं.

दादा वाईट नाही. त्यानं धसका घेतला तो मामामुळं. मामा दारात उभा राहून घसा कोरडा होईपर्यंत हाका मारत राहिला, आणि माय आत भाकरी थापत होती. आमची चूलच अशा जागी आहे की बसलं की दाराकडं पाठ होते. बहीण बोलत नाही म्हणून मामा रागानं परत गेला आणि साऱ्या भावकीत सांगत सुटला. माय दोन दिवस जेवली नाही. मला लई वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. मामाचा, दादाचा, त्या चुलीचा, सगळ्यांचाच.

मी दिलेली वडवणीला. नवऱ्याचं जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचं दुकान आहे. तिथं बसून बसून मी सोल्डरचे डाग द्यायला शिकले, आणि पुढचं मोबाइलवर बघून. दादाला फोन करून सांगितलं, दसऱ्यापर्यंत मी असं काही करते की दारात आलेला माणूस मायला कळेल. नाही कळला, तर घेऊन जा, मी आडवी येणार नाही. बोलून तर बसले. मग ती दिव्यांची पट्टी मागवली.

दिसायला ती गणपतीच्या मखराला लावतात तशीच. पण हिच्यातल्या एकेका दिव्याला वेगळा हुकूम देता येतो. तू हिरवा हो, तू निळा हो, तू गप बस. काडेपेटीएवढं सर्किट हुकूम सोडतं, पहिला दिवा आपल्यापुरता ठेवून घेतो आणि उरलेला पुढच्याला देतो. माझा बेत असा होता की दाराच्या चौकटीवर बटण लावायचं, आणि ते दाबलं की हिरवा उजेड भिंतीवरून धावत चुलीपाशी, मायच्या डोळ्यांसमोर जायचा. दुसरं बटण शेजारच्या काकूंच्या ओट्यावर. आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, तेव्हा त्यांनी ते दाबायचं, म्हणजे निळा.

दोन एसट्या बदलून मी नेकनूरला गेले आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले. अर्धा दिवस एकही दिवा लागेना. सर्किटला, चार्जरला, माझ्या नशिबाला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. मग दिसलं की पट्टीवर बारीक बाण छापलेत आणि मी उलट्या टोकाकडून वायर जोडलीय. बाणाच्या उलट हुकूम जात नाही. स्वतःच्या डोक्यात टपली मारून घेतली आणि सगळी पट्टी उपटून परत चिकटवली.

संध्याकाळी हिरवा उजेड दारातून धावत आला तेव्हा माय हातातलं पीठ तसंच ठेवून बघत राहिली. मग तिनं एक खोट काढली. कुणी आलं नाही तरी चुलीपाशी एक दिवा कायम लागलेला पाहिजे, म्हणाली. नाहीतर तिला कसं कळणार, कुणी आलं नाही का पट्टीच मेली? मी कुरकुरले. सर्किटातले सगळे हुकूम परत लिहायचे म्हणजे डोक्याला ताप. पण शेवटच्या दिव्याला मंद पिवळं ठेवलं.

महिनाभर झकास चाललं. मग घट बसायचे आले.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घर धुतात म्हणजे धुतातच. गोधड्या, भांडी, भिंती, काही सोडायचं नाही. मायनं पट्टीही धुतली. चालू होती तशी, निरम्याच्या पाण्यानं, घासणी लावून. काकूंनी फोन करून मला कळवलं की पट्टी अर्ध्यातच थांबतीय. मी डोक्याला हात लावला. एक दिवा मेला की हुकूम तिथंच अडकतो, पुढचे धडधाकट असले तरी आंधळे. पुन्हा दोन एसट्या. मायच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, कावून धुतलीस? तर ती शांतपणे म्हणाली की देवीसमोर काय धुरानं काळी झालेली पट्टी ठेवू?

मी सोल्डरचं सामान काढलं. मेलेला दिवा कापला, उरलेल्या पट्टीतला तुकडा बसवला, डाग दिले. तर त्याच्या पुढचा मेलेला निघाला. असे एकामागून एक सात बदलले. बोटं भाजली, पण उठले नाही. आता ही पट्टी हरली असती तर माझी माय तिच्या घरातून उठली असती. शेवटचा पिवळा लागला तेव्हाच पाणी प्यायले. लाइट गेली तर म्हणून पॉवरबँक जोडायची होती, ती या धुण्याच्या रामायणात राहूनच गेली.

खंडेनवमीला दुपारी दादा आला. हातात नवी कोरी मोठी बॅग, मायच्या कपड्यांसाठी. मी अंगणातच होते. मायला काही सांगू नको म्हणाला, मी बटण दाबतो, बघू. दाब म्हणाले, जोरात. छाती फुगवूनच.

त्यानं चौकटीआड उभं राहून बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. शेजारच्या गिरणीचा आवाज बंद पडला होता. लाइट गेली होती. दादानं माझ्याकडं बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड महिन्याचे कष्ट, आणि मी एक पॉवरबँक विसरले.

आम्ही उंबरा ओलांडला. माय दाराकडं तोंड करून बसली होती. पिठाची काटवट तिनं चुलीकडून उचलून पुढ्यात घेतली होती, भाकरी थापत होती, आणि तव्यावरची उलटायला दर वेळी अख्खी मागं वळत होती. आम्ही दिसलो तशी हसली.

दादानं तिच्याशेजारी बसून कानात विचारलं, अशी अवघडून कशाला बसलीस?

तिनं चुलीवरच्या विझलेल्या पिवळ्या दिव्याकडं पिठाचं बोट केलं. "त्यो जळतो तवर मी पाठ करून बसते. त्यो गेला की मी दाराकडं तोंड करते. रोजच जाती की लाइट."

तो दिवा ठेवायला मी कुरकुरले होते. मला तिथंच रडू आलं.

दादानं त्या दिव्याकडं बघितलं, मग दाराकडं. मग मायनं त्याच्या हातातली बॅग काढून घेतली, उघडून आतून बाहेरून नीट बघितली आणि म्हणाली, "बरी हाय. सुनंला ज्वारी न्यायला व्हईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघा बहीणभावांनी ती बॅग ज्वारीनं भरली.