घरचा नंबर परदेशी नेताना

आयर्लंडमधल्या गॉलवेला माझं पुढच्या शिक्षणाचं नक्की झालं, तेव्हा घरात काळज्यांची वाटणी झाली. अम्मीने थंडी आणि जेवण घेतलं. मी व्हिसा आणि बँक घेतली. अब्बांनी मोबाइल घेतला.

अब्बांची उमेदीची सगळी वर्षं बोटीवर गेली. खलाशी म्हणून चढले आणि इंजिन रूममधले फिटर म्हणून उतरले. रत्नागिरीत राजिवड्याला, खाडीकडे तोंड करून आमचं घर आहे, पण माझ्या लहानपणी ते तिथे पाहुण्यासारखे यायचे आणि जायचे. आता कायमचे घरी आहेत. बिस्किटांच्या एका परदेशी डब्यात त्यांनी बंदराबंदरांतली सिमकार्डं जपून ठेवली आहेत. माझा प्रवेश पक्का झाला त्या संध्याकाळी तो डबा त्यांनी माझ्यासमोर चटईवर ओतला.

"हे बघ, बंदरात उतरलं की आधी सिम. मग चहा, मग बाकीची दुनिया."

"अब्बा, आता तिथे उतरून शोधायला नको. इ-सिम इथूनच घेता येतं. एक कोड स्कॅन केला की झालं."

"आणि कार्ड?"

"कार्ड नसतंच. सगळं फोनच्या आत."

अब्बांनी चटईवरचं एक कार्ड उचलून बोटांत फिरवलं. "हातात धरता येत नाही ते सिम कसलं गो?"

अम्मी भाजी निवडत होती. ती हसली, पण कुणाच्याच बाजूने बोलली नाही.

माझा अभ्यास माशांचा. धक्क्यावर, पाण्यात, ओल्या हातांनी नमुन्यांचे फोटो काढावे लागणार, म्हणून मला चांगल्या कॅमेऱ्याचा आणि पाण्याला न घाबरणारा फोन हवा होता. मॉडेल मी ठरवूनही टाकलं होतं. माझ्या मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेहून सुट्टीवर येणार होता, तो तिथून आणायला तयार होता. मग एकदा त्याने सहज कळवलं की तिकडे मिळणाऱ्या त्या फोनला कार्ड घालायची जागाच नाही, दोन्ही नंबर इ-सिमवरच ठेवावे लागतील. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अब्बांना वाटलं.

"फोन पाण्यात पडून बंद झाला तर?"

"दुसरा घेईन."

"फोन दुसरा घेशील. नंबर कुठून काढशील?"

मी मनात हिशेब केला. तिकडच्या नंबरचं ठीक होतं, तिथल्या दुकानात जाऊन पुन्हा घेता आला असता. पण इथला नंबर? शिक्षणाचं कर्ज, बँकेचं खातं, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येणार. तो बंद पडलेल्या फोनच्या आतच अडकला, तर परत मिळवायला मला रत्नागिरीला यावं लागलं असतं. कार्ड असेल तर ते काढून कुणाच्याही जुन्या फोनमध्ये घालता येतं. मी हे अब्बांना सांगितलं, तेव्हा त्यांनी जिंकल्याचा चेहरा केला नाही. "मग तिकडचा नंबर तुझ्या त्या हवेतल्या सिमवर ठेव," एवढंच म्हणाले. अमेरिकेहून फोन आणायचा बेत मी रद्द केला. फोन इथेच घ्यायचा, कार्डाची जागा असलेला, असं ठरलं.

आता प्रश्न राहिला नंबरचा, आणि तो फोनपेक्षा अवघड निघाला.

माझा म्हणून मी वापरत होते तो नंबर खरं तर घराचा होता. मी शाळेत होते तेव्हा अब्बांनी एका सुट्टीत तो स्वतःच्या नावावर घेऊन अम्मीच्या हातात दिला होता. त्यांच्याबरोबर बोटीवर असलेल्या झाडून साऱ्यांना तो पाठ होता. पुढे मी कॉलेजला जाऊ लागले, अम्मीने स्वतःसाठी नवा घेतला आणि हा माझ्याकडे आला. तरीही ईदच्या दिवशी कुणीतरी आखातातून फोन करून "भाभी, सलाम" म्हणायचंच. मग मी फोन अम्मीकडे न्यायची.

"हा इथेच राहू दे," मी म्हटलं. "मी बँकेत नवा नंबर देते."

"कशाला?" अम्मी म्हणाली. "व्हिसाच्या कागदांवर हाच दिलायस, बँकेतही हाच. आता निघायच्या वेळी घोळ नको घालू. तुझ्याकडेच आहे ना, तुझ्याबरोबर जाऊ दे."

"तुमची माणसं मला फोन करतील तिकडे."

"करू देत की. तुझीपण माणसंच आहेत ती."

मात्र नंबर अब्बांच्या नावावर होता, तो माझ्या नावावर करणं भाग होतं. म्हणून आम्ही दोघं मारुती मंदिराजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. फोन तिथेच घेतला. अब्बांनी खोकं उघडताच आधी कार्डाची जागा दाखवायला लावली, पिनेने ट्रे बाहेर काढून बघितला, आत ढकलला, पुन्हा काढला. काउंटरवरच्या ताई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी हे सगळं शांतपणे होऊ दिलं.

मग नाव बदलायचं काम. त्यासाठी आधी जुन्या मालकाचा अंगठा. अब्बांनी त्या छोट्या यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. दुसऱ्या हाताचा ठेवला. पुन्हा तेच.

"चाचा, कपाळावर घासा जरा," ताई म्हणाल्या. "कपाळाच्या तेलाने येतो कधी कधी."

अब्बांनी कपाळावर घासला, केसांवर घासला. यंत्र काही ऐकेना. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्याची चामडी काचेसारखी गुळगुळीत होती. गरम लोखंड, घासलेट आणि पान्यांनी त्यावरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या होत्या. सुट्टीवर आले की याच हाताने ते मला भरवायचे, आणि मी तो असा कधी पाहिला नव्हता.

"जरा बाहेर जाऊन या," ताई म्हणाल्या. "कोमट पाण्यात बोटं बुडवून ठेवा. मग सगळीच बोटं लावून बघू."

शेजारच्या टपरीवर आम्ही चहा मागितला आणि कोमट पाण्याचा एक ग्लासही. अब्बा त्यात बोटं बुडवून बसले. चहा त्यांनी डाव्या हाताने घेतला. मी हसत म्हटलं, "एका नंबरसाठी किती सोसताय!"

ते हसले नाहीत. ग्लासातल्या बोटांकडे बघत म्हणाले, "तुझ्या जन्माच्या वेळी मी बोटीवर होतो, ठाऊक आहे ना?"

एवढं ठाऊक होतं.

"तेव्हा आपल्याकडे फोन नव्हता. शेजारी होता. बंदराला लागलं की पैसे भरलेलं फोनकार्ड विकत घ्यायचं, बूथमध्ये जायचं आणि शेजारी लावायचा. तुझ्या अम्मीचे दिवस भरले होते. मी लावला. शेजारच्या काकींनी उचलला. म्हणाल्या, 'अहो, मोकळी झाली ती, आणि...' आणि कार्डातले पैसे संपले."

"मग?"

"मग काय? दुसरं कार्ड घ्यायला धावलो तर दुकान बंद. बोट सुटायची वेळ झालेली. पुढच्या बंदरापर्यंत मला एवढंच माहीत, की ती मोकळी झाली. मुलगा की मुलगी, माहीत नाही. ती बरी आहे ना, माहीत नाही. त्या 'आणि'च्या पुढे काकी काय सांगणार होत्या, हेच डोक्यात."

टपरीवाल्याने चहाचं दुसरं आधण ठेवलं होतं, आल्याचा वास येत होता.

"पुढच्या बंदरात उतरलो ते जेवलो नाही, काही नाही. आधी कार्ड. एक नाही, खिशात मावतील तेवढी. तेव्हा काकींनी सांगितलं, मुलगी आहे आणि दोघी खुशाल आहेत. मी बूथमध्येच खाली बसलो. बाहेरचे लोक काच वाजवायला लागले."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"विषय कधी निघाला?" अब्बांनी बोटं ग्लासातून काढून रुमालाला पुसली. "चल, बघू आता."

अंगठे पुन्हा हरले. पण डाव्या हाताच्या करंगळीवर हिरवा दिवा लागला. ताईंनी टाळीच वाजवली. "करंगळीने काम कमी केलंय वाटतं," त्या म्हणाल्या, आणि आता मात्र अब्बा मोठ्याने हसले. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. घराचा नंबर माझ्या नावावर झाला.

निघायच्या आधी अब्बांनी आणखी एक काम करून घेतलं. परदेशात त्या नंबरवर मेसेज येत राहावेत म्हणून जे करावं लागतं ते दुकानातच चालू करून घेतलं, आणि ताईंना दोनदा विचारलं, "बाहेर गेल्यावर बंद तर नाही ना पडणार?" तिकडचं इ-सिमही मी घरूनच घेऊन ठेवलं. विमानतळावर अब्बांनी बॅगांबद्दल, पासपोर्टबद्दल काही विचारलं नाही. फोनचा ट्रे काढायची पिन कुठे ठेवली आहे एवढंच विचारलं. ती मी पर्समध्ये आणि एक जास्तीची मोज्यांच्या पिशवीत ठेवली होती. त्यांचं समाधान झालं.

डब्लिनला उतरल्यावर मी एका खांबाला टेकून उभी राहिले, विमानतळाच्या वायफायवर इ-सिमचा छापून आणलेला कोड स्कॅन केला, आणि फोनवर तिकडचं नेटवर्क आलं. घरी लावला. अम्मी "पोहोचली, पोहोचली" म्हणत रडू लागली. मागून अब्बांचा आवाज आला, "कुठलं सिम चाललं?" मी म्हटलं, "हवेतलं." "चांगलं झालं," ते म्हणाले.

गॉलवेत खोलीचे पैसे भरताना बँकेचा ओटीपी आला, रत्नागिरीतल्यासारखाच. मला केवढं हायसं वाटलं! घरमालकीण बाई माझा चेहरा बघून काही आनंदाची बातमी आली का म्हणून विचारू लागल्या.

अब्बांची बोटीवरची माणसंही त्या नंबरवरून तिकडे पोहोचली. ईदच्या सकाळी मी अंथरुणातच होते तेव्हा व्हॉट्सअॅपवर एका अनोळखी नंबरचा फोन आला. "वहिनी, ईद मुबारक. गुहागरकर बोलतोय, कुवेतवरून. आहेत का साहेब?"

"काका, मी त्यांची मुलगी. पण मी आयर्लंडमध्ये आहे."

पलीकडे एकदम आवाज चढला. "मुलगी? अरे, म्हणजे तू ती! अगं, तुझ्यापायी आम्ही त्या बोटीवर काय काय केलंय! तुझा बाप झोपेना, जेवेना. मग आम्ही मेसमध्ये रोज बाळासाठी नावं काढायला लागलो. जेवताना मुलाची, चहाला मुलीची. मी तर आमच्या आजीपासून सगळ्या बायकांची नावं सांगून संपवली. त्यातलं एकही ठेवलं नाही बापाने."

मी उठून बसले. अब्बांनी सांगितलेल्या गोष्टीत फक्त काळजी होती. मेसमधली हसणारी माणसं त्यात नव्हती. मी त्याच फोनवर अब्बांनाही जोडून घेतलं आणि ऐकत बसले. दोघं एकमेकांच्या वयाला, गुडघ्यांना आणि जुन्या कॅप्टनला नावं ठेवत राहिले. कुवेत, राजिवडा आणि मी. माझा चहा थंड झाला, पण मला फोन ठेववेना.

आता वर्ष होत आलं. फोन दोनदा पाण्यात पडला आणि दोन्ही वेळा जिवंत निघाला. अम्मीचंही व्हिडिओ कॉलवर आता चांगलंच जमतं. मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेली की ती मला फोन लावते, टोपलीवर मोबाइल धरते आणि म्हणते, "एवढं शिकतेस ना, मग सांग बघू हा कोणता?"

"अम्मी, कॅमेऱ्यावर तुझं बोट आहे."

"होय काय? थांब गो," असं म्हणून ती फोन उलटा करते, मग मला मासा दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं, आणि मासे विकणारी मावशी मागून विचारते, "पोरगी काय म्हणते? देऊ का बांधून?"