सुपारी ज्याच्या हातात

एका वस्तूला दोघांचे हात एकदम लागले की ज्याला ठसका लागतो, असा आमच्या ईट गावच्या मावसभावासारखा दुसरा प्राणी अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दाखवा, मी मिशी भादरून देतो. हे खूळ शिरलं ते मोबाईलमधून. गावातल्या खव्याच्या भट्ट्यांसाठी त्यानं एक ॲप बनवलं. ॲपात म्हणे एकाच वेळी अनेक कामं धावत असतात, त्यांना थ्रेड म्हणायचं. एका थ्रेडनं शिल्लक खवा पाहिला, त्याच क्षणी दुसऱ्यानंही पाहिला, आणि दोघांनी तो एकच खवा दोन हलवायांना विकून टाकला. दोघं हलवाई एकच डबा दोन्हीकडून धरून याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभे. मग यानं शिल्लक खव्याच्या आकड्याला ॲपात कुलूप बसवलं. एक थ्रेड आत असेल तोवर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. ॲप सुधारलं, हा बिघडला. मावशीनं मीठ घातलेल्या आमटीत काकांनी गुपचूप आणखी मीठ टाकलं, तर यानं मिठाच्या डब्याला खरंखुरं कुलूप ठोकलं आणि किल्ली हरवली. मावशीनं त्याला आठवडाभर अळणी वाढलं.

असल्या माणसाचं लग्न जमणार कसं? अणदूरच्या एका शिक्षिकेचं स्थळ आलं आणि ती याला मनापासून आवडली, तेव्हा मावशीनं मला बजावलं की बैठकीत त्याला तोंड उघडू द्यायचं नाही. पण मामा-काका एकदम बोलायला लागले आणि गडी खवळला. तबकातली सुपारी उचलून त्यानं जाहीर केलं, ही ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. मी कपाळाला हात लावला. पाहुण्यांना मात्र गंमत वाटली. सुपारी फिरत राहिली, मानपान ठरला, मांडव ठरला. मुलीकडं ती कुणी दिलीच नाही, आणि हे दिसलं फक्त याला. उठून त्यानं सुपारी तिच्यापुढं केली. तिनं धरली, पण घाबरून यानं सोडलीच नाही. दोघंही धरून, दोघंही गप्प.

"द्यायची असंल तर सोडा की," ती म्हणाली.

यानं सोडली. मग तिनं शांतपणे विचारलं, "लग्नानंतर माझी नोकरी चालू राहील का?"

वडीलधारी मंडळी घसे खाकरू लागली. आणि हातात सुपारी नसताना हा पठ्ठ्या बोलून गेला, "राहील. मीच येतो अणदूरला राहायला."

आणि गेला की खरंच. लॅपटॉप काखोटीला मारून तो आता सासुरवाडीच्या गावात सुखानं नांदतोय. परवा मावशीकडं गेलो, तर ती एकटीच टीव्हीसमोर बसलेली, ज्या रिमोटसाठी यानं घरात पाळ्या लावल्या होत्या, तो बाजूला पडलेला. म्हणाली, "आता घरात कशालाच थांबावं लागत न्हाय, बघ." टीव्ही बंदच होता. मला त्या येड्याची लई आठवण आली.