दाजींच्या गाडीचा पिकअप

आमच्या दाजींइतका खोल विचार करून शेवटी काहीच न करणारा माणूस सबंध नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजूरजवळच्या एका खेड्यात भातशेती सांभाळत त्यांनी उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर, ज्या वयात बाकीचे मास्तर पेपरातली शब्दकोडी सोडवतात त्या वयात, एक लांबलचक क्रूझर मोटरसायकल घेतली. आरामखुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे टाकून चालवायची ती. गाडी घ्यायलाच त्यांना दोन वर्षं लागली होती, पण तो नुसता सराव होता असं आता म्हणावं लागतं. खरा विचार सुरू झाला गाडी दारात आल्यावर, तिच्या इंजिनाची ताकद कशी वाढवायची याचा. त्याला यंदा चौथं वर्ष लागलं आहे आणि अजून एक स्क्रूही बदललेला नाही.

याला कारण झालं घाटात. तालुक्याच्या अकोल्याहून येताना ऐन चढाच्या वळणावर दाजी खालचा गिअर टाकायचे विसरले. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. मागे बसलेली आक्का उतरली आणि पदर खोचून सरळ चालत वर गेली. मागून आलेल्या भरगच्च जीपमधून कुणीतरी सुचवलं, "मास्तर, बाईंना पुढं घाला, गाडी वढत्याल." घरी आल्यावर आक्का एवढंच म्हणाली, "मी बसले की तुमची गाडी दमते. मी आपली एसटीनं जात जाईन." आणि खरंच, त्या दिवसापासून ती गाडीवर बसली नाही. दाजींच्या जिवाला हे फार लागलं. गाडी घेतली होती तीच मुळी तिला घेऊन हिंडायला. तिला पुन्हा मागे बसवायचं आणि त्यासाठी इंजिन सुधारायचं, हे त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. तेवढं एकच ठरवलं.

त्यानंतर माझा फोन वाजू लागला. मी नगरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत असायचो आणि दाजी सुरू व्हायचे, "पाव्हनं, नुसता एअर फिल्टर मोठा बसवला तर इंजन हवा जादा वढंल, पन पेट्रोल तेवढंच मिळंल. मंग गाडीचा कॉम्प्युटर बी नव्यानं सेट करावा लागंल." मी म्हणायचो, करून टाका. की आठवडाभर शांतता, आणि मग सायलेन्सर निघायचा. सायलेन्सर बदलला की आवाज वाढणार, आणि शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरला तर जबाबदार कोण? ते मागे पडलं की इंजिनातला कॅमशाफ्ट. "कॅम बदलला की वरचा पळ वाढतो. आपल्याला खाली जोर पायजे. घाट काय पळत चढायचा न्हाई." नगरचा एक मेकॅनिक सुरुवातीला त्यांना खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. आता दाजी कोपऱ्यावर दिसले की तो भर अकरा वाजता जेवायला जातो.

गणिताचा माणूस असल्यामुळे प्रयोगाशिवाय त्यांना चैन नव्हतं. आहे ते इंजिन आक्काला घेऊन घाट कसं चढतं, हे आधी मोजायला हवं. पण आक्का तर बसायला तयार नव्हती. तेव्हा आरोग्य शिबिरात मिळालेलं तिचं कार्ड खिशात घालून दाजी भाताच्या गिरणीवर गेले आणि कार्डावरच्या आकड्याएवढा तांदूळ पोत्यात भरून घेतला. कशासाठी, तेही तिथल्या आठ-दहा माणसांना नीट, फळ्यावर समजावल्यासारखं समजावून सांगितलं. पोतं मागच्या सीटवर बांधून ते घाट चढून येईपर्यंत आक्काचं वजन गावभर झालं होतं. पुढे आठवडाभर बायका तिला विचारत होत्या, "मास्तरीनबाई, आज घाटात गेल्ता का?" आक्कानं काही भांडण केलं नाही. तिनं ते पोतं सोडलं आणि सकाळ-संध्याकाळ दाजींना नुसता भात वाढला. दाजींनी तो मुकाट्यानं खाल्ला, आणि पुढच्या रविवारी नवीन पोतं भरून आणलं.

गेल्या भाऊबीजेला मी गेलो होतो. ओवाळून झाल्यावर आक्का भिंतीचा आधार घेऊन बसली. मी सहज म्हणालो, आता दाजींनी ते इंजिनाचं काय ते करून टाकावं, म्हणजे तुझी एसटी सुटेल. तिनं बाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. "इंजनाला काय धाड भरलीय? माझाच गुडघा गेलाय रे. त्या दिवशी घाटात उतरले, तर परत गाडीवर बसायला पाय उचलंना. म्हून चालत गेले."

"मग सांगत का नाहीस?"

"सांगितलं तर उद्या गाडी इकत्याल. शाळा सुटल्यापासनं दुसरं काय हाय त्यांना? करू दे इचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी अंगणात गाडीला पोतं बांधत होते. मला राहवेना. आक्काचं नाव न घेता मी म्हणालो, "दाजी, आजच गाडी नगरला नेऊ. मी येतो बरोबर. काय बसवायचं ते बसवून टाकू."

त्यांनी दोरीची गाठ ओढली आणि पोतं हलवून बघितलं.

"पाव्हनं, तिचा गुडघा मला ठावं हाय. पायरी उतरताना भिताड धरती, ते दिसत न्हाई व्हय मला? पन गाडी झाली म्हंजी मला तिला 'बस' म्हनावं लागंल. आन् तिच्यावर 'न्हाई' म्हनायची पाळी यील. त्यापरीस माझं ठरत न्हाई, हेच बरं हाय."

मला त्या दोघांचा भयंकर राग आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. दाजी तोवर घाटाकडे निघूनही गेले होते. तासाभरानं परतले तेव्हा आक्का दारातच होती.

"ठरलं का काय?" तिनं विचारलं.

"इचार चाललाय," दाजी म्हणाले.

"सावकाश ठरवा, गडबड न्हाई," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. मी दोघांच्या मध्ये बसून तो चहा प्यायलो. एकाचं दुसऱ्याला सांगायची सोय नव्हती.