दत्तूचा उजवा खांदा

सून माझ्या गुडघ्यांसाठी तेलात लसूण कढवत होती. वास घरभर झाला, तेवढ्यात नात मोबाइल घेऊन आली. "आबा, हे दोन आडदांड बॉक्सर परत लढणार हायत. मागच्या टायमाला हा हरलेला. आता कोण जिंकंल?"

असं भाकीत मी एकदा केलंय.

माझा धाकटा भाऊ दत्तू पोशीरच्या जत्रेत खोपोलीच्या एका पैलवानाकडून हरला. पुढच्या वर्षी दोघांची परत कुस्ती ठरली, तेव्हा मी गावासमोर सांगितलं, "दत्तू जिंकला नाय तर मिशी उतरवीन."

कुस्तीच्या सकाळी मी त्याला हेच लसणाचं तेल चोळत होतो. उजव्या खांद्यावर बोट दाबलं तसं त्याचं अख्खं अंग आक्रसलं.

"दुखतंय काय रं?"

"नाय दादा. तू गावाला बोललायस ना?"

बाहेर ढोल सुरू झाले. 'नको लढू' हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. ते मी गिळले आणि चोळत राहिलो.

दत्तू जिंकला. तेव्हा वाटलं, मीच जिंकलो. मिशी अजून आहे. पण त्याचा उजवा हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत गेला नाही. भाताचा भारा त्याच्या डोक्यावर जन्मभर मीच चढवून दिला.

"सांगा ना आबा!"

"आधी बघ," मी म्हणालो, "त्याचा खांदा बरा हाय काय."