दत्तूभाऊच्या केसमधली माझी न झालेली साक्ष

दत्तूभाऊचा कोयता मी धुतला होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा बोललो नाही. येत्या गुरुवारी कोर्टात सांगणार होतो.
आज सकाळी दत्तूभाऊ गेला.

गाडीवर शहाळी रचत होता. "जरा बसतो" म्हणाला आणि बसल्या जागी आडवा झाला. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

माझं डोकंच चालत नाहीये. काल संध्याकाळी माझ्याशी बोलत उभा होता हो हा माणूस!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. दत्तूभाऊ म्हणजे काळेवाडीतला आमचा शहाळीवाला. मूळचा मराठवाड्यातला. बारा वर्षं आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून.

चार वर्षांपूर्वी दिवसाढवळ्या चार जण कोयते नाचवत आमच्या गल्लीत शिरले. एरियात दहशत बसवायची, बाकी कारण काही नाही. शिव्या देत, उभ्या गाड्यांच्या काचा फोडत आले.
मी फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून नुकताच उतरलो होतो.

दत्तूभाऊ त्यांना म्हणाला, "बाबांनो, पुढं जावा. बाईमाणूस हाय इथं."

पहिला वार त्याच्या डाव्या दंडावर बसला. दुसरा त्याच्या बायकोवर, आमच्या वहिनींवर उगारला होता.

तेव्हा दत्तूभाऊने हातातला शहाळी सोलायचा कोयता फिरवला.
एकदाच. मी दहा पावलांवर होतो.

तो माणूस पडला, बाकीचे पळाले. लोकांनी त्याला रिक्षात घालून नेलं. त्याचा कोयता मात्र हातगाडीखालीच राहिला.

आता माझी अक्कल ऐका.

मी चाकणला पार्ट्सच्या कंपनीत, क्वालिटीला. कस्टमरचं ऑडिट आलं की आमचं पहिलं काम ठरलेलं. लाइनवरचा रिजेक्ट माल नजरेआड करायचा, फरशी पुसून घ्यायची आणि मग ऑडिटरला हसत हसत आत घ्यायचं. इतकी वर्षं हेच केलंय, हात आपोआप चालतात.

त्या दिवशीही चालले.
बादल्या ओतून रस्ता धुतला. दत्तूभाऊचा कोयता धुतला. आणि गाडीखालचा तो दुसरा कोयता उचलून मागच्या नाल्यात फेकून दिला. म्हटलं, दोन कोयते सापडले तर दोन्ही याच्याच नावावर लावतील.

दत्तूभाऊ दंडाला गमछा आवळत म्हणाला, "विकास, ऱ्हाऊ दे की तसंच. बघू दे त्यांना काय झालंय ते."

"भाऊ, तू गप बस. तुला कोर्ट माहीत नाही. तिथं खरं बोलणारा आत जातो."

हे मी म्हणालो. तोवर मी स्वतः कोर्टाची पायरीही चढलो नव्हतो.

तो माणूस हॉस्पिटलमध्ये मेला. दत्तूभाऊवर खुनाचा गुन्हा लागला. काही महिन्यांनी जामिनावर सुटून परत गाडी लावायला लागला, पण केस चालूच राहिली.

गल्लीत सगळ्यांचं एकच मत. कोर्टात आपलं कोण ऐकतंय? अख्ख्या गल्लीने बघितलं होतं, साक्षीला एकही गेला नाही. बायकोचं कोण खरं धरतंय म्हणून वहिनींनाही आम्हीच गप्प बसवलं. आणि दत्तूभाऊला पढवलं, काहीही विचारलं तरी 'मला माहीत नाही' एवढंच म्हण.

आमच्या वकील मॅडमनी स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला. सरकारी वकील म्हणाले, हल्ला झाला तर हल्लेखोराचं हत्यार कुठंय? पंचनाम्यात जागा धुतलेली का? आणि दंडावरची जखम? शहाळी सोलणाऱ्याच्या हाताला लागतंच.

मी मागच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होतो. मेलेल्याची आई प्रत्येक तारखेला यायची. दत्तूभाऊ तिच्याकडे बघू शकायचा नाही.

मग गेल्या महिन्यात जजसाहेबांनी त्याला स्वतः विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मला माहीत न्हाई, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.
"वेळ घ्या. काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. मी ऐकतोय."

दत्तूभाऊने वळून माझ्याकडे बघितलं.
मी मानेनेच नको म्हणालो.

तो गप्प बसला.

ऐकतोय म्हणाले होते ते! दुसऱ्या दिवशी रजा टाकून वकील मॅडमकडे गेलो आणि सगळं ओकलो. त्यांनी पुढ्यातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? आता पुरावा नष्ट केला म्हणून तुमच्यावरही केस होऊ शकते."

म्हटलं, होऊ द्या. गुरुवारची माझी साक्ष ठरली.

काल दत्तूभाऊ म्हणाला, "तुझी नोकरी जाईल की रे."
"जाऊ दे."
"मग निकाल लागला की गावाकडं जाऊन येतो. चार वर्सं झाली. खुनी म्हणून कसं जायाचं?"

आज मॅडमना फोन केला. म्हणाल्या, आरोपीच मयत म्हटल्यावर केस बंद होईल.
"म्हणजे निर्दोष ना?"
"नाही. निकालच लागणार नाही आता."

मी फोन ठेवला.

गल्लीत लोक म्हणतायत, कोर्टाच्या कटकटीतून मोकळा झाला बिचारा. एकाची गचांडीच धरणार होतो. मग लाज वाटली, मीही त्यांच्यातलाच. कोर्टाने त्याला सोडलं असतं का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आम्ही त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

ॲम्ब्युलन्स आता त्याच्या गावाकडे निघालीय. वहिनी पुढे बसल्यात. मी मागे, दत्तूभाऊजवळ बसून हे टाइप करतोय.

मघाशी वहिनींनी विचारलं, "भावजी, गावात लोक इचारतील. काय सांगू?"

म्हटलं, "तुम्ही काही सांगू नका. मातीला अख्खं गाव येईल. त्यांच्यासमोर उभा राहून मी सांगतो. कोयता, नाला, सगळं."

दत्तूभाऊ, मला माफ कर.
शेवटचा रामराम, भावा.