आमचा एकतर्फी प्रभाग

वहिनीला नगरसेविका व्हायचं होतं. खरोखर तिलाच व्हायचं होतं, हे आधी सांगते, कारण महिलांच्या जागेवर बायकोला उभी करून नवऱ्यानं मिरवायचं, ही आमच्याकडची रीत. आमच्या दादाला मिरवायचीही हौस नाही. दुपारी झोप मिळाली की तो सुखी.

वहिनी घरी कडक भाकरी करून विकते. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं, आणि कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं. त्यासाठी तिनं बायका गोळा करून महापालिकेसमोर रिकाम्या घागरी बडवल्या होत्या. दिवसाआड पाणी, एवढंच तिचं मागणं. प्रचारात चपला झिजल्या, घसा बसला, पण एक दार सोडलं नाही. मी तिची नणंद, त्याच प्रभागात दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. एरवी आमचं फारसं पटत नाही, पण तेव्हा मीही तिच्यामागं वणवण केली.

मतदानाच्या आधी चॅनेलवाले आले. आमच्याकडे नव्हे, शेजारच्या प्रभागात. तिथं म्हणे काट्याची टक्कर! रोज तोच चौक, तेच दोन उमेदवार, तीच आरडाओरड. आमच्या वाट्याला एकच वाक्य आलं, ‘इथं लढत एकतर्फी आहे.’ झालं! गल्लीनं वहिनीला हार घालायचंच तेवढं बाकी ठेवलं. ‘नगरसेविकाबाई, पेढे कधी?’ ती म्हणायची, ‘आदी मत तर टाका की.’ लोक हसायचे. बाई लई साधी, म्हणायचे.

मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेत शुकशुकाट. बंदोबस्ताचा पोलीस जांभया देत होता. शेजारच्या प्रभागात रांग फाटकाबाहेर गेलेली, ती आम्ही टीव्हीवर बघत होतो. काही जण तर गाड्या काढून ती रांग बघायला गेले. स्वतःचं मत सोडून दुसऱ्याची रांग! दादाला वहिनीनं हाताला धरून नेलं म्हणून त्याचं मत पडलं. मी माझं सकाळीच टाकून आले होते. आमचे हे मात्र टीव्हीसमोरून हलेनात.

‘अहो, उठा की.’

‘साडेपाचपर्यंत वेळ हाय. आणि एकतर्फी हाय म्हणतेत, माझ्या एका मतानं काय अडतंय?’

चारच्या सुमाराला नळ आला.

‘पाणी आलं!’ म्हणून कुणीतरी ओरडलं, आणि अख्खी गल्ली बादल्या, पिंपं, मोटारी घेऊन नळावर तुटून पडली. वहिनी दारोदार पळत होती. ‘चला की हो, पाच मिनिटाचं काम.’ ‘आलोच ताई, एवढं पिंप भरू द्या.’ पिंप भरेपर्यंत शाळेचं फाटक बंद झालं. विरोधकांनीच पाणी सोडायला लावलं, असं पुढं काही जण म्हणाले. मला नाही पटत. पाणीखात्याला एवढी वेळ साधता आली असती, तर वहिनीला उभं राहायची गरजच नव्हती.

वहिनी पडली. एका रिक्षात कोंबून बसतील एवढ्या मतांनी पडली.

निकाल लागला त्या संध्याकाळी सगळी गल्ली सांत्वनाला लोटली. ‘लई वाईट झालं.’ ‘कुणी दगा दिला म्हणायचा?’ मी नुसती बोटं बघत बसले. ज्यांच्या बोटाला शाई होती ते गप्प होते. बोलणाऱ्यांचे डावे हात कुणाचे खिशात, कुणाचे पदराखाली. आमचे हे डावा हात मांडीखाली दाबून एका हातानं चहा बशीत ओतायला गेले आणि सगळा सदऱ्यावर सांडला. वहिनीनं पाहिलं. पुसायला फडकं आणून दिलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात चॅनेलवाला दारात उभा, आमच्या गल्लीत पहिल्यांदाच. हातात माईक, आणि चेहरा असा खुललेला की जणू याच्याच घरी बारसं आहे.

‘ताई, शहरातली सगळ्यात अटीतटीची लढत तुमची ठरली! काय सांगाल?’

वहिनीचे डोळे रडून सुजले होते. तिनं पदर सारखा केला.

‘हे आदी सांगायचं की, भाऊ.’

मग ती आत गेली आणि त्याच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.

‘प्या,’ म्हणाली. ‘मतदानादिवशीचं हाय.’